मल्लाप्पाचा दवाखाना आणि बापूचं सासर

रिक्षा स्टॉपवर दिवसभर बसून माणूस करणार काय? किस्से साठत जातात. ऐकणारे होते तोवर बरं होतं, आता मी ते पॅसेंजरच्या माथी मारतो.

कळंबा रोडच्या आमच्या स्टॉपवर मी, बापू आणि मल्लाप्पा असे तिघं होतो. आमचा एक कायदा होता. ज्याची जिथं फजिती होईल, त्या जागेला त्याचं नाव. नाव बाकीच्या दोघांनी ठेवायचं, चहा फजिती झालेल्यानं पाजायचा. ती नावं हळूहळू सगळ्या भागात रुळली. आता बापू लेकाकडं पुण्याला राहतो, मल्लाप्पा सीमेवरच्या गावाला शेती बघतो. कुठल्या नावामागं काय घडलं, हे सांगणारा मी एकटा उरलोय. नवी पोरं मोबाईलात बघून रिक्षा हाकतात. माझ्यामागं हे सगळं पुसलं जाणार, ही रुखरुख काही केल्या जात नाही.

मल्लाप्पाचा दवाखाना म्हणजे लिंबाचं एक झाड. मल्लाप्पा अंगानं पैलवान, पण इंजेक्शनच्या नावानं गार. एका म्हातारीला डॉक्टरकडं नेत होता. ती वाटेत सुईचं वर्णन करायला लागली. ह्यानं रिक्षा झाडाखाली लावली आणि तिथंच आडवा झाला. म्हातारीच त्याला पदरानं वारा घालत बसली.

पुढं कागलचं एक पावणं एक्स-रे घेऊन त्या झाडाखाली बसलं होतं. मला म्हणालं, "डॉक्टर कवा येत्यात?"

म्हटलं, "डॉक्टर न्हाय पावणं, हितं नुसता पेशंट आलता."

बापूचं सासर हा म्हशींचा गोठा. बापू तिथं रोज धारोष्ण दूध प्यायला थांबायचा. एकदा दूध पिऊन तिथंच घोरायला लागला आणि पॅसेंजर वैतागून चालत गेलं. एवढी सरबराई जावयाचीच होते, म्हणून ते नाव.

एकदा बापूची बायको त्याच्याच रिक्षात असताना एक पॅसेंजर चढलं. "बापूच्या सासरला सोडा."

ती म्हणाली, "माझं म्हायेर नरसोबाच्या वाडीला. हे आनि कुठलं काढलंसा?"

त्या दिवशी बापू स्टॉपवरच वडापाव खाऊन झोपला.

गेल्या महिन्यात पंक्चर काढताना जॅक सटकला आणि मी बदकन चिखलात बसलो. सवयीनं टपरीवर तीन चहा सांगितले. एक प्यालो, दोन निवले. बापूला फोन लावला तर लेकानं उचलला. "काका, बाबास्नी आता फोनवरचं ऐकू येत न्हाय." मी पडलो त्या जागेला अजून नाव नाही. आपलं आपण ठेवायचं नाही, कायदाच आहे. लई एकटं वाटलं.

परवा कॉलेजची एक पोरगी रिक्षात बसली. म्हणाली, "काका, वैनीच्या कोपऱ्याला सोडा."

हे नाव बापू-मल्लाप्पानं ठेवलेलं. माझी बायको तिथं दुपारी माझा डबा घेऊन उभी असायची, मला कायम उशीर व्हायचा. ती वारल्यापासून ते नाव माझ्या तोंडून निघत नाही.

मी विचारलं, "कोण गं ही वैनी?"

"तुमास्नी म्हाईत न्हाय? रोज नवऱ्याची वाट बघत उभारायची म्हणं. त्यो कधी आलाच न्हाय."

मी कोपऱ्याला रिक्षा थांबवली.

"यायचा की," मी म्हटलं. "उशिरा यायचा, पण रोज यायचा."