दारिंकेचे अकरा सेकंद

शनिवारी माझ्या थोरल्या बहिणीचा, दारिंकेचा, वर्षाचा पोमाना होता, आणि बुधवार उजाडला तरी दाजी कॉम्प्युटरसमोर बसून भिंतीकडे बघत होते. बाकी सगळं ठरलं होतं. पाव कोण भाजणार, डुक्कर कोण कापणार, वाजंत्री कुठली. पोमाना म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने घातलेलं जेवण, आणि ते आमच्या गावात लग्नाइतकंच मोठं असतं. जेवणं झाली की त्याच्या नावाने नाच देतात, आणि तो नाच डावीकडे फिरतो. जित्यांचा उजवीकडे, मेलेल्यांचा डावीकडे. पेक नदीकाठचं शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही.

टेबलावर मेणबत्तीशेजारी टीव्ही ठेवायची पद्धत मात्र दाजींनीच पाडली. बुदिमिर दाजी गावचे व्हिडिओवाले. डिस्क घातली की जे पहिलं पान दिसतं, मेनू म्हणतात त्याला, ते हलतं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. पोमान्याला जेवण चालू असेपर्यंत ते पान टीव्हीवर चालू राहायचं. गेलेला माणूस दारात उभा राहून हसतोय, पुन्हा हसतोय. अख्ख्या गावाच्या मेलेल्यांना त्यांनी असं हसवलं आणि स्वतःच्या बायकोच्या वेळी हात आखडून बसले.

"दाजी, फोटो तरी लावा तिचा," मी म्हटलं.

"कुठला लावू? पासपोर्टचा?"

खरंच नव्हतं काही. चारशे लग्नं दाजींनी टिपली आणि चारशे लग्नांत दारिंका त्यांच्या शेजारी कॅमेऱ्याचा दिवा धरून उभी. दिवा धरणारा चित्रात येत नाही. कॅसेटी तर दाजी पुसून पुसून पुन्हा वापरायचे. इतका चिक्कू माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण खरं दुखणं फोटोचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या एका लग्नाचं होतं.

मेनूतलं चित्र वीस-पंचवीस सेकंदांत संपतं आणि परत पहिल्यापासून सुरू होतं. तो सांधा दिसू द्यायचा नाही, एवढ्यासाठी दाजी जेवण विसरत. त्यांची युक्ती साधी होती. आमचा नाच गोल फिरतो, मग सांधा त्या गोलातच लपवायचा. एखादी लाल ओढणी धरून ठेवायची. ती पूर्ण फेरी मारून पुन्हा त्याच जागी आली की तिथे कात्री. बघणाऱ्याला वाटतं, नाच थांबतच नाही.

स्तानिका आजीच्या नातीच्या लग्नात बायकांनी दारिंकेला ओढून नाचात घेतलं. दाजींनी एका हाताने कॅमेरा सांभाळला. अकरा सेकंद ती नाचली, मग लाजून बाहेर पडली. घरच्यांच्या फिल्ममध्ये व्हिडिओवाल्याची बायको कशाला, म्हणून दाजींनी ती मधून कापली आणि मेनूत मात्र गुपचूप ठेवली. पण अकरा सेकंदांत फेरी पुरी होत नव्हती, सांधा बसेना. म्हणून त्यांनी चित्र आधी सुलटं चालवलं आणि मग तेच उलटं. सांधा गायब झाला. दाजी खूश. वीस डिस्क वाटल्या.

तिसऱ्या दिवशी स्तानिका आजी काठी टेकत दारात.

"काय रे बुदिमिर, माझी नात मेली का?"

"असं काय बोलता, आजी?"

"मग डावीकडे का नाचवतोस तिला? नवरी-नवरा, व्याही, सगळी वरात मेल्यांच्या नाचात घातलीस. डोळे कॅमेऱ्यात विसरलास का?"

दाजींनी तेव्हा पाहिलं, चित्र उलटं चाललं की नाचही डावीकडे फिरत होता. इतके दिवस ते फक्त सांधा बघत होते, नाच बघतच नव्हते. दाजी आणि दारिंका घरोघर गेली, माफी मागितली, डिस्क परत घेतल्या. नव्या डिस्कवर केकचं चित्र घातलं आणि जुन्या डिस्क दाजींनी हातोड्याने फोडल्या, कॉम्प्युटरवरचंही पुसून टाकलं. आजीने तिची तेवढी दिली नाही. "चुलीत घातली मी," म्हणाली.

नवरी-नवऱ्याला काही झालं नाही. व्हिएन्नात दोन पोरं झाली त्यांना. गेली ती दारिंका. शहरातल्या हॉस्पिटलात, पहाटे, जवळ कुणी नसताना. आमच्यात जाणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती देतात, नाहीतर पलीकडे त्याला अंधार. तिच्या हातात ती नव्हती. दाजींनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. मीच तिला डावीकडे नाचवलं आणि मीच तिला उजेडाशिवाय जाऊ दिलं, असं ते मला म्हणाले, एकदाच. मी रागावले त्यांच्यावर. तापाने माणूस मरतं, डिस्कने नाही, असं म्हटलं. पण रात्री मलाही झोप लागली नाही, हे कशाला लपवू. दुसऱ्या दिवशी मी ते स्तानिका आजीच्या कानावर घातलं.

त्या बुधवारी दुपारी स्तानिका आजी आली. चौऱ्याऐंशीची म्हातारी, टेकडी उतरून. खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि ओढणीच्या गाठीतून एक डिस्क काढून टेबलावर ठेवली.

"ही तुझी."

दाजींनी उलटीसुलटी करून पाहिली. "चुलीत घातली होती ना तुम्ही?"

"खोटं बोलले. जितीजागती माणसं होती त्यात, चुलीत कशी घालू? आणि ठेवायचीही भीती. पिठाच्या डब्याखाली होती तीन वर्षं." मग माझ्याकडे वळली. "लाव गं. हा नुसता बघत बसेल."

मी लावली. लग्नाचं अंगण, वाजंत्री, नाच. आणि दारिंका. हिरवा स्वेटर, मोकळे हात, त्या हातांचं काय करायचं ते न कळून हसणारी. उजवीकडे गेली. मग डावीकडे. मला रडू आलं, मी पुसलं नाही.

"बंद कर," दाजी म्हणाले.

"थांब," आजी म्हणाली. "बुदिमिर, तेव्हा ते उलटं होतं म्हणून मी भांडले. आता कोण मेलंय? तीच ना? मग आता डावीकडचं सुलटं झालं. तेवढंच ठेव, उजवीकडचं काप."

दाजींनी पडद्यावर बोट टेकवलं. मग हळूच, "सांधा दिसेल, आजी. फेरी पुरी नाही."

"दिसू दे. आयुष्य तरी कुठे पुरं झालं तिचं?"

दाजींनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी नाच कापला, तिच्याबरोबरच्या जित्या बायकांवर सावली टाकून त्यांना झाकलं, एकटीला ठेवलं. सांधा दिसत होताच. ती कडेला जाऊन नाहीशी व्हायची आणि दचकल्यासारखी पुन्हा पहिल्या जागी यायची. दुसऱ्या कुणाचं असतं तर दाजींनी आठवडा घालवला असता त्यावर.

आजी पडद्याकडे टक लावून बसली होती. "हिचा चेहरा एवढा उजळ कसा?"

"दिव्यामुळे."

"दिवा तर हिच्याकडे असायचा."

"नाचायला जाताना माझ्या हातात दिला तिने," दाजी म्हणाले. "एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात..." त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे तू धरला होतास," आजी म्हणाली. "आणि म्हणतोस तिला उजेडाशिवाय जाऊ दिलं."

दाजी तोंडावर हात घेऊन रडले. वर्षभरात पहिल्यांदा. आम्ही दोघी त्यांच्याकडे न बघता बसून राहिलो.

शनिवारी अंगणात टेबलं मांडली. दारिंकेच्या पासपोर्टच्या फोटोशेजारी मेणबत्ती, तिच्याशेजारी टीव्ही. लोक जेवले, नाच डावीकडे फिरला. दाजी पुढे होते, पावलं चुकत होती. संध्याकाळपर्यंत मेणबत्ती बुडाशी येऊन विझली. पाहुणे उठले तसे दाजी सवयीने टीव्ही बंद करायला गेले.

स्तानिका आजीने काठी आडवी घातली.

"तुझं हे आपणहून विझतं का रे?"

"नाही. बंद करेपर्यंत चालत राहतं."

"मग राहू दे की."

दाजींनी हात मागे घेतला आणि आतून आजीसाठी खुर्ची आणली.