खणातलं घड्याळ

अशील समोर येऊन बसला की तात्याजी वकील मनगटावरचं घड्याळ काढत आणि टेबलाच्या खणात टाकून खण बंद करत. अशिलाला निरोप देऊन झाला की खण उघडे आणि घड्याळ पुन्हा मनगटावर चढे. दिवसातून दहा-बारा वेळा हा खेळ चाले. नागपूरच्या लॉ कॉलेजातून परीक्षा देऊन मी त्यांच्याकडे उमेदवारीला आलो, त्या पहिल्याच दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याला मनगटावर खाज असावी. आठवड्याने धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्याच्या गावात घड्याळ नाई. आपलं पाहून तो उगाच घाई करते. मंग जे सांगाचं ते पोटातच राहते."

मालगुजाऱ्या, म्हणजे गावोगावच्या जमीनदाऱ्या, नुकत्याच गेल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा एवढा पसरलेला होता की सिरोंच्याहून कोर्टात यायचं तर माणूस तीन दिवस आधी घरातून निघे. बैलगाडी, पायवाट, मग जमली तर बस. तरीही माणसं चांद्याच्या जटपुरा दरवाज्यातून आत शिरून सरळ तात्याजींचं घर विचारत. आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, ते फक्त वकीलपत्रावर असे. त्यांच्या ओसरीवर रात्रीची दहा-पंधरा माणसं सहज पथारी टाकून असत आणि तात्याजी सकाळी तोंड धुता धुता त्यांच्याशी बोलत. सिरोंचाकडच्यांशी तेलुगूत, गोंडांशी गोंडीत, उरलेल्यांशी आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत. तेलुगू इतकी मोडकी होती की ऐकणारे हसत. हसलेला माणूस घाबरत नाही, एवढं त्यांना पुरे होतं.

त्यांच्या वकिलीचं सगळं गुपित त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सांगून टाकलं होतं. "तुले कायदा येते, त्याले गोष्ट येते. कायदा तू सांग, गोष्ट त्याले सांगू दे." मला ते फार साधं वाटलं. साध्या गोष्टीला किंमत न देण्याचं वय होतं.

एकदा सिरोंचाकडचा एक म्हातारा मोहाच्या झाडाचं भांडण घेऊन आला. शेजारी म्हणे झाड माझं, हा म्हणे माझं. तात्याजींनी घड्याळ खणात टाकलं आणि म्हाताऱ्याने आज्याच्या लग्नापासून सुरुवात केली. नवरी कुठली, वरातीला बैल किती, वाटेत नाला कसा फुगला. दोन तास मी पेन्सिल धरून बसलो होतो आणि कागदावर एक अक्षर नव्हतं. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, मांडवाची दोरी त्या मोहाला बांधली होती, तिचा वळ अजून खोडावर आहे. तात्याजी ताडकन सरसावून बसले. पुढे कोर्टाने नेमलेल्या कमिशनरने जाऊन तो वळ पाहिला आणि झाड म्हाताऱ्याचं ठरलं. त्यानंतर दर उन्हाळ्यात वाळलेल्या मोहफुलांची एक टोपली ओसरीवर येत राहिली.

साक्षीदाराला ते कधी पढवत नसत. एक लाकूडठेकेदार टाईप केलेली जबानी घेऊन आला होता. तात्याजींनी ती वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "हे कोनाच्या तोंडचं हाये?" ठेकेदार गडबडला. मग त्याला चहा पाजून त्यांनी चार घरं पलीकडच्या वकिलाचा पत्ता दिला आणि वर सांगितलं की तिकडे शिकवणी फार चांगली होते. कोर्टात आपला साक्षीदार पिंजऱ्यात उभा करण्याआधी ते टेबलावर हात टेकून एक वाक्य म्हणत, "हा साक्षीदार शिकवलेला नाही, साहेब. चुकला तर त्याचं तो चुकेल." मॅजिस्ट्रेट मान हलवत. त्या मान हलवण्याचा तात्याजींना गर्व होता, तो त्यांना लपवता येत नसे. घरी जाताना चाल थोडी रुबाबदार होई.

वकिलांच्या खोलीत मात्र थट्टा चाले. तात्याजींच्या साक्षीदारांना वार माहीत नाही, तारीख माहीत नाही, सगळं गाईढोरांच्या आणि सुगीच्या हिशेबानं, असं म्हणून मंडळी हसत. मीही त्यांच्यात बसून हसलो आहे. हे लिहिताना आज लाज वाटते, पण हसलो आहे.

सोमाची केस आली ती अशातच. सोमा मूलजवळच्या एका गावचा ढिवर. मालगुजारी गेली तसं गावचं तळं सरकारात जमा झालं, मासेमारीचा लिलाव झाला आणि ज्या पाण्यात सोमाच्या बापाने जन्मभर जाळं टाकलं तिथे ठेकेदाराचा राखणदार काठी घेऊन उभा राहिला. फाल्गुनात एक दिवस त्या राखणदाराची आणि सोमाची बाचाबाची झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कुणीतरी राखणदाराला मागून मारलं, डोकं फुटलं. त्याने नाव घेतलं सोमाचं. राखणदाराच्या मनगटावर ठेकेदाराने दिलेलं घड्याळ होतं आणि फिर्यादीत वेळ लिहिली होती, साडेसहा.

सोमा त्या वेळी गावात होता. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या भिवराबाईने तात्याजींना ओसरीवर बसून सांगितलं ते माझ्या कानांनी ऐकलं आहे. "गाई घरी आल्या तवापासून माह्या भात शिजून जेवन होयेपर्यंत तो माह्या दारात बसून जाळं सांधत होता. मी त्याले भात पुसला, तं नाई म्हने." तात्याजींनी तिला एकच सांगितलं की कोर्टात जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं, बस. मग उलटतपासणीत त्यांनी राखणदारालाच विचारलं, तुला मारलं तेव्हा गुरं कुठे होती? तो बेसावधपणे बोलून गेला की गुरं नुकतीच पाळीवरून गावाकडे गेली होती. सरकारी वकिलाला त्यात काही वाटलं नाही. मार बसला ती वेळ आणि भिवराबाईच्या गाई घरी येण्याची वेळ एकच, हे खरं सांगायचं तर मलाही जाणवलं नाही.

भिवराबाईच्या साक्षीच्या दिवशी तात्याजी सकाळी दुसऱ्या कोर्टात अडकले होते. मी तिला घेऊन कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली बसलो. मला राहवेना. त्यांच्याकडे घड्याळ आणि आमच्याकडे गाई, असं माझ्या डोक्यात घोळत होतं. शिवाय वकिलांच्या खोलीतलं हसू आठवत होतं. मी तिला म्हणालो, "बाई, वेळ विचारली तर साडेसहा सांगा. तेच खरं आहे, फक्त साहेबांना कळेल अशा भाषेत." तिने दोनदा म्हणून पाहिलं. साडेसहा, साडेसहा. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

तात्याजी धावत आले, टेबलावर हात टेकला आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हणाले. मॅजिस्ट्रेटने मान हलवली. भिवराबाई पिंजऱ्यात उभी राहिली. सोमा कुठे होता? माझ्या दारात. किती वाजता? ती म्हणाली, "साडेसहा."

तात्याजींनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त त्यांचा टेबलावरचा हात मिटला.

सरकारी वकिलाने उठून अगदी प्रेमाने विचारलं की बाई, तुमच्या घरी घड्याळ आहे का. नाही म्हणाली. पाहता येतं का? तेही नाही. मग साडेसहा कसं कळलं? तिला तात्याजींनी सांगितलं होतं की विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. तिने बोट माझ्याकडे केलं. "या धाकट्या वकीलभाऊनं सांगतलं, चिंचेखाली."

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि तात्याजींकडे पाहत राहिले. तात्याजी उभे राहिले. मला वाटलं, आता माझं नाव घेतील, मला बाहेर काढतील. ते म्हणाले, "साहेब, तिच्या तोंडात घड्याळ माझ्या ऑफिसनं घातलं. मी म्हणालो ते वाक्य आज खोटं ठरलं. ते मी परत घेतो." पुढे त्यांनी तिची सगळी संध्याकाळ, गाईंपासून भातापर्यंत, पुन्हा विचारली. तिने सांगितलीही, शब्दाला शब्द. पण शिकवलेल्या साक्षीदाराचं खरं कोण ऐकतो? निकालपत्रात तिची साक्ष तीन ओळींत निकालात निघाली. सोमाला सहा महिने सक्तमजुरी झाली. वरच्या कोर्टात तात्याजींनी अपील केलं, तेही फेटाळलं गेलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना ते मला एवढंच म्हणाले, "अरे, तिनं तुले अख्खी सांज देली होती. तू त्यातलं एक मिनिट घेतलं." मी रडलो. ते थांबले नाहीत, पुढे चालत राहिले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी सोमाच्या गावाला जायला सांगितलं. मी म्हणालो, कोर्टात सगळं उघड झालंच आहे. ते म्हणाले, "कोर्टाले सांगतलं ते मी. तिथी तू सांग. चूक ज्याची, त्यानं आपल्या तोंडानं सांगावं."

मूलपर्यंत बसने आणि पुढे पायी मी गेलो. सोमाची बायको तळ्याकडे पाठ करून दारात बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सांगन्यानं त्याचे दिवस कमी होतेत का?" मी नाही म्हणालो. "मंग काऊन आले?" तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो मी कसा प्यालो ते माझं मला माहीत.

शेजारच्या दारातून भिवराबाई बाहेर आली. मला ओळखून तिचा चेहरा खुलला. "मी बरोबर बोलली ना बाबू? तुमी सांगतलं तेवढंच बोलली." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सोमाच्या बायकोकडे. हळूहळू तिला काहीतरी उमगलं असावं. "कोनं सांगतलं म्हून त्यानं पुसलं, तं तुमचं नाव सांगतलं," ती म्हणाली. "लपवाचं होतं काय?"

नाही बाई, लपवायचं नव्हतं, चूक माझी होती, असं मी कितीदा तरी म्हणालो. तिचं समाधान झालं नाही. आपल्यामुळे सोमा आत गेला हे तिने मनात धरलं ते धरलंच. वर्षभराने ती गेली, तेही तसंच घेऊन.

तात्याजींनी मला काढलं नाही. वकिलीही सोडली नाही. ओसरीवरची माणसं काही दिवस कमी झाली, मग पुन्हा आली. पण ते वाक्य त्यांनी त्यानंतर कधीही उच्चारलं नाही. साक्षीदार उभा करायच्या आधी सवयीने हात टेबलावर टेकत, तोंड थोडं उघडे, मग ते खाली बसत. नवे मॅजिस्ट्रेट आले, त्यांना यात काही राहून गेलं आहे हे कळायचं कारण नव्हतं. मला दर वेळी कळे. मी शेजारीच बसलेला असे.

सोमा सुटला तो तुरुंगातून सरळ आमच्याकडे आला. तात्याजींनी खुर्चीवरून उठून त्याला हात जोडले आणि माझ्या घरातून चूक झाली म्हणाले. सोमा म्हणाला, "तुमी कोर्टात सांगतलं ना, मी आयकलं." एवढंच. त्यानंतर त्याच्या गावाचं प्रत्येक भांडण तो तात्याजींकडेच घेऊन आला. माझं टेबल दाराजवळ होतं, तो त्याच्यावरून पुढे जाई. कधी राम राम नाही, कधी नजर नाही. मी दोनदा बोलून पाहिलं. मग नाद सोडला, कारण तो त्याचा हक्क होता.

असं पाच वर्षं चाललं. शेवटच्या आजारात तात्याजींनी खाट पुढच्या खोलीत घ्यायला लावली, माणसं दिसावीत म्हणून. त्या दिवशी सोमा दोन गावकऱ्यांना घेऊन आला होता, खाट पाहून दाराशीच बसून राहिला. तात्याजींना दुपारपासून शुद्ध नव्हती. संध्याकाळी कधीतरी श्वास थांबला. घरात रडारड सुरू झाली आणि अशा वेळी बाहेरच्या माणसाने करायची कामं माझ्याकडे आली. परगावी असलेल्या त्यांच्या मुलाला तार गेली. वकिलांच्या खोलीत सकाळी वाचायला चिठ्ठी लिहायला बसलो आणि वेळेपाशी अडलो. खण उघडून त्यांचं घड्याळ काढलं तर चावी न दिल्यामुळे ते केव्हाच बंद पडलेलं. मी खोलीत सगळ्यांना विचारलं, कुणी पाहिलं का, किती वाजता गेले. कुणीच पाहिलं नव्हतं.

दारातून आवाज आला. "लिवा, वकीलभाऊ. गाई घरी येऊन राह्यल्या होत्या. मी इथीच दारात होतो."

मी मान वर केली. सोमा माझ्याकडेच पाहत होता. मी त्याला उलट काही विचारलं नाही. त्याने सांगितलं तसं, त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं.