काळा मार्कर

जेद्दाजवळच्या आमच्या कॅम्पात चिपळूणचा एक फिटर आहे. मेसच्या टीव्हीवर अमेरिकेच्या सरकारी कागदांची काळी केलेली पानं दिसली, की त्याचा घास हातातच राहतो. "बघा, परत काळं फासलंनी! आपल्याच लोकांपासून काय लपवतात एवढं?"

"तुला काय रे त्याचं? तुझा राहायचा परवाना, इकामा, तिथला आहे का?" आम्ही हसायचो.

परवा पाइपच्या जोडावर गळती सापडली. कुणाची चूक, कळायला मार्ग नव्हता. सकाळच्या हजेरीला हा पुढे गेला आणि फळ्यावर काळ्या मार्करने लिहिलं, 'बोल्ट मी सैल ठेवला.' खाली स्वतःचं नाव. याची नोकरी गेलीच, असं आम्ही धरून चाललो.

फोरमनने वाचलं. "यल्ला, चल, आवळून ये," एवढंच म्हणाला. फळा पुसला नाही.

दुपारपर्यंत त्याखाली आणखी दोन चुका लिहिल्या गेल्या. दुसरी माझी.