उरलेली नळी

माझी उजवी गर्भनळी पहिल्याच खेपेला गेली होती. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला, नळी फुटली आणि परभणीच्या दवाखान्यात पोट उघडून ती काढावी लागली. तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. या वेळी आम्ही वाट पाहिली नाही. पाळी चुकून पंधरा दिवस होताच आमच्या झरी गावाहून परभणीला सोनोग्राफीला आलो.

डॉक्टरीणबाई बराच वेळ मशीनकडे बघत राहिल्या. "पिशवी रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "या वेळी डाव्या नळीत आहे."

मग त्यांनी आम्हा दोघांना नीट समजावलं. आजच ऑपरेशन करून नळी काढली तर जिवाची काळजी मिटेल, पण पुढं दिवस राहणार नाहीत. नाहीतर एक इंजेक्शन आहे. त्यानं वाढ थांबते, गर्भ विरून जातो, नळी वाचू शकते. "पण हमी नाही. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासायचं. ते औरंगाबादला जातं. आणि मध्येच फुटली तर लगेच इथं पोचायचं."

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात तेव्हा एसटी कधी बंद होईल याचा नेम नव्हता. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

सासूबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मला वाटलं, त्या नातवासाठी नळी वाचवायला सांगतील. त्या म्हणाल्या, "काढूनच टाका म्हनावं. लेकरापायी तू जायला नको."

मी इंजेक्शन घेतलं.

चार दिवस दवाखान्यातच राहिले. चौथ्या दिवशी रक्त दिलं. डॉक्टरीणबाई अजून थांबा म्हणत होत्या, पण शेतात ज्वारीची काढणी चालली होती, घरी कुणी नव्हतं. मला काही दुखतही नव्हतं. सातव्या दिवशी यायचं कबूल करून आम्ही गावी गेलो.

सहाव्या दिवशी दुपारी, भाकरी थापताना, पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं. मग खांदा दुखायला लागला. पहिल्या खेपेलाही असाच दुखला होता. त्या दिवशी बंद होता. ह्यांनी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गोधडी अंथरली. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं.

वाटेत दगड लावून माणसं रस्ता अडवून उभी होती. त्यातला एकजण ट्रॉलीवर चढला.

"काय झालंय?"

"पोटातल्या पोटात रक्त जायलंय," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली उतरला. दगड बाजूला सरकवल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानंतरचं आठवत नाही.

नळी गेली. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. एक ह्यांनी दिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी महिनाभर मला चुलीपुढं बसू दिलं नाही. मी आधी सांगितलं होतं, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. मीच ते मनात रोज म्हणत होते.

पुढं गल्लीतल्या एका बाईनं अंगणात बसून त्यांना सुचवलं, पोराचं दुसरं लग्न करा. मी आत गहू निवडत होते. सासूबाईंचा आवाज चढला नाही.

"सून हाय मला. तिला मी ट्रॉलीतून आनलीय," त्या म्हणाल्या. "तुमी चहा घेनार का?"