रंभाबाईचं आभाळ

मोहटोल्यात कुणाला आभाळाचं काही विचारायचं असलं की पावलं रंभाच्या दाराकडे वळत. ढिवराची बाई ती, तलावाच्या पाळीवर मासोळी वाळवून विकायची. वाळवणावर एक सर आली की मासोळी सडली, म्हणून लग्न होऊन आल्यापासून तिचं निम्मं लक्ष पहाडीवरच्या ढगांकडे असे. मोहफुलं अंगणात पसरावीत की नाही, कापलेलं धान शेताच्या बांधीत ठेवावं की उचलावं, गाव तिला विचारून ठरवी. "पाटलापेक्षा तुह्या दारात गर्दी जास्त," नवरा वारलू म्हणायचा. ती तोंड फिरवून हसायची.

मग धाकट्या दिराची बायको होऊन कुंता आली. तिचा बाप ब्रह्मपुरीच्या तहसिलीत शिपाई. पाऊस मोजायचं भांडं त्याच्याच ताब्यात, आणि त्याच्यामागं फिरून पोरगी ढगांच्या जाती शिकलेली.

एका सकाळी गावात एकटी राहणारी गोंड म्हातारी बुधरी रंभाच्या चुलीपाशी येऊन बसली. तिनं सहज विचारलं, "पोरी, ढग बनते तरी कसा?"

कुंतानं भाताच्या गंजावरचं झाकण उचललं. "हे पाय, आजी. वाफ वर गेली, झाकणाले लागून थंडी झाली, तं थेंब जमले. उन्हानं जमीन तापली का तलावाची, झाडाची ओल अशीच वर जाते. वर हवा थंडी. तिथी बारीक बारीक थेंब होते, त्याचाच ढग. जमीन लई तापली तं तो कापसाच्या ढिगावानी उभा वाढते. हवा हळूहळू वर चढली तं चादरीवानी आडवा पसरते."

बुधरीनं तोंडाला पदर लावला. "माय वो! इतकी वर्सं आपण नुसतंच पाहून राह्यलो."

रंभाच्या घरात, रंभाच्याच गंजावरचं झाकण! तिनं ते कुंताच्या हातून ओढून घेतलं. "भात कच्चा राहते," एवढंच बोलली.

त्यानंतर दारात माणसं येत, पण हाक कुंताला. रंभा पाळीवरून पाही, आणि हातातली मासोळी नको तितकी चिरली जाई. पाटलीण इंदुताईंनी मुलीच्या हळदीचा मांडव कधी घालावा हे विचारायला माणूस पाठवला, तोही "धाकट्या बाईले बोलावलं" म्हणाला. त्या दिवशी रंभा जेवली नाही. कुंतानं ताट वाढून आणलं, तर ते तिला आणखीच झोंबलं. पोरीनं एकदा उर्मट बोलावं, म्हणजे भांडता येईल, असं तिला वाटे. पोरगी तसं बोलतच नसे.

चैत्रात मोहफुलं पडू लागली. एका सकाळी पहाडीमागं ढग उभा राहिला आणि दुपार व्हायच्या आत त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झाला. रंभाला कळलं. तेवढ्यात अंगणातून कुंताचा आवाज आला, "आज गारा येईन. वाळवण उचला."

रंभाच्या तोंडून निघून गेलं, "काही येत नाई. हे आभाळ नदीपल्याड जाते."

लोक घुटमळले. बहुतेकांनी फुलं गोळा केली. बुधरी मात्र म्हणाली, "रंभा म्हनते तं नाई येत," आणि निवांत घरी गेली.

"आपली मासोळी उचलू का?" वारलूनं विचारलं.

"म्या काय सांगितलं, ऐकू नाई आलं?"

ती पाळीवर बसून राहिली. वारा पडला, तलाव काळा झाला. एकदा वाटलं, धावत जाऊन बुधरीला तरी सांगावं. पण वाट घराच्या अंगणातून जात होती, आणि तिथं कुंता होती. मग गारा आल्या. आठवडाभराची मासोळी चिखलात गेली, आणि बुधरीचा मोहा नाल्यानं वाहून नेला.

पाऊस थांबल्यावर बुधरी ओल्या लुगड्यानिशी आली. रंभा शिव्यांची वाट पाहत होती. म्हातारीनं तिच्या डोळ्यांपुढं हात हलवून पाहिला. "नजर गेली तुही, बाई. माही बी अशीच गेली. मनाले लावून घेऊ नको."

नजर शाबूत होती, हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. "हो ना," रंभा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मोहा संपेपर्यंत ती उजाडताच बुधरीबरोबर जंगलात गेली, आणि वेचलेली सगळी टोपली म्हातारीच्या अंगणात ओतत राहिली. लोक म्हणाले, रंभाबाई मनानं मोठी. तिला ते ऐकवत नसे.

आभाळाचं तिला पुन्हा कुणी विचारलं नाही. विचारलं ते फक्त कुंतानं. आश्विनात वर बारीक खवल्यांसारखे ढग पसरले होते. ती पाळीवर येऊन म्हणाली, "बाई, याचा अर्थ माह्या बाबाले बी येत नव्हता. तुमाले येते का?"

रंभानं जाळ्याची गाठ ओढून सोडवली. खोटं ओठावर आलं होतं. "दोन दिवसानं पाणी," ती शेवटी म्हणाली. "धान कापू नका म्हना."

कुंता गावभर सांगत गेली, "थोरल्या बाईनं सांगितलं, धान कापू नका." पाणी आलं, धान वाचलं. लोकांनी कुंताचं कौतुक केलं, की पोरगी थोरलीला किती मान देते.

रंभानं ते ऐकलं आणि जाळं पाण्यात असं फेकलं की वारलू नावेत दचकून उभा राहिला.