शून्य बेरजेचे दोन थोरले

भूमच्या कॉलेजात मी वीस वर्षं चुंबकाचा धडा शिकवतोय. चुंबकातलं मला फारसं कळत नाही, हे इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं नाही, यातच माझं सगळं शिक्षणकौशल्य आलं. लक्षात आलं ते लेकीच्या. ती पुण्यात चुंबकीय पातळ थरांवर संशोधन करते. विषयाचं नाव एक्स्चेंज बायस.

दिवाळीला ती ईट या आमच्या गावी, मळ्यातल्या घरी आली, तेव्हा मी उदारपणे म्हणालो, सोपं करून सांग, कुठं अडलीस तर बघतो. तिनं न हसता सांगितलं. एकावर एक दोन थर, केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. वरच्याला बाहेरून चुंबक दाखवला की तो त्या दिशेला वळतो, उलटा दाखवला की उलटा. खालच्या थरात शेजारच्या अणूंची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध, त्यामुळं बेरीज शून्य. होकायंत्र जवळ नेलं तरी हलत नाही. पण दोन्ही थर चिकटले की हेच शून्य वरच्याला धरून ठेवतं. वरचा मग एका बाजूला सहज वळतो; दुसरीकडं वळवायला बराच जोर लागतो, आणि जोर काढला की तो मूळ जागी येतो.

मला कळलं. खालचा थर समोर ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. माझे वडील, म्हणजे आण्णा, आणि चुलते, म्हणजे आबा. एक तूर म्हणाला की दुसऱ्याला सोयाबीन आठवतं. बेरीज शून्य, पण त्या शून्यापुढं घरातलं कुणी हलत नाही. वरचा थर अर्थात मी. बायको म्हणेल तिकडं वळतो, लेक म्हणेल तिकडंही, आणि सोडलं की तोंड परत ओसरीकडं.

लेकीला परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. आठवड्यात कळवायचं होतं. परवानगी मागण्याचं तिचं वय सरलं होतं, पण घराला रुसवून तिला विमानात बसायचं नव्हतं. आण्णा म्हणत, एकटी पोर जाणार न्हाय. आबा म्हणत, जाऊ द्या, पण आधी लगीन.

मी दोघांना चार दिवस गोडीगुलाबीनं समजावलं. शेवटी लेक म्हणाली, "पप्पा, थंड नमुन्याला कितीही चुंबक दाखवा, खालचा थर ढिम्म राहतो. आधी तापवायचा. मग निवताना जी दिशा दाखवाल, ती पक्की बसते."

तापवणं माझ्या आवाक्यातलं होतं. जेवताना मी सहज विचारलं, विहिरीवरची मोटर त्या साली जाळली कुणी? पाच मिनिटांत दोन्ही थोरले लाल. आण्णा ताटावरून उठले. आणि मग जन्मभराची सवय नडली. तांब्या घेऊन मी मागं धावलो आणि म्हणालो, "जाऊ द्या आण्णा, तुमी म्हणताय तसंच. पोर कुठं जात न्हाय." आण्णा परत बसले. आबांनीही मान हलवली. कित्येक वर्षांत दोघांचं प्रथमच एकमत झालं, तेही माझ्यामुळं.

"चुंबक उलटा धरलात," लेक हळूच म्हणाली. "पुन्हा तापवता येतं. पण तुम्ही गोठ्यात थांबा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनंच विचारलं, औंदा वरच्या रानात ज्वारी का हरभरा? मला गोठ्यापर्यंत सगळं ऐकू आलं. भांडण ओसरत आलं तशी ती चहा घेऊन दोघांच्या मधोमध बसली.

"आण्णा, आबा, मला जायचंय. पण तुम्ही दोघं फाट्यावर सोडायला आलात तरच."

आधी चहाचे दोन भुरके ऐकू आले.

"थंडी लई असती म्हणं तिकडं," आबा म्हणाले.

"मग स्वेटर लागंल," आण्णा म्हणाले. "दोन."

"दोनानं काय हुतंय, तीन घ्या."

मी गोठ्यातून आलो आणि माझीही परवानगी देऊन टाकली. कुणाचं लक्ष नव्हतं. स्वेटरवरून जुंपली होती.

ती गेली. आता एखादा पाहुणा म्हणतो, पोरीला एवढ्या लांब कशाला धाडायची? दोघं थोरले त्याला चहा संपायच्या आत गप्प करतात. मी तेवढा सवयीनं पाहुण्याकडं जरा झुकतो. पाहुणा उठला की माझं तोंड आपोआप लेकीच्या बाजूला येतं.