आत्तींच्या माथी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या संदीपला तर नाहीच. तुम्ही अनोळखी, म्हणून तुमच्याशी बोलतेय. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ फार सफाईनं खोटं बोलते.

संदीप माझा धाकटा भाऊ. आमचं माहेर कुंडल. मला दिली साताऱ्याकडे, कोरेगावच्या पुढच्या एका गावात. नवरा फौजेत, म्हणजे वर्षातले दहा महिने घरात मी आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. आत्तींचा आवाज असा की त्या म्हशीवर ओरडल्या तरी शेजारची सून पदर सावरायची. माहेरी सगळ्यांना वाटायचं, मी वाघिणीच्या तोंडात दिवस काढतेय. मीही तसंच वाटू दिलं — माहेरी जरा जास्त लाड होतात त्यानं.

संदीप कुपवाडला एका कारखान्यात होता. टाकी धुताना कॉस्टिक सोड्याचं जळजळीत पाणी उसळलं आणि दोन्ही डोळ्यांत गेलं. डावा डोळा तिथंच संपला. उजव्याला आशा होती. डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं, की बुबुळाच्या कडेला मूळपेशी असतात, त्या बुबुळावरचा पापुद्रा सतत नवा करत राहतात. संदीपच्या त्या जळून गेल्या होत्या. सख्ख्या माणसाच्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा मिळाला, तर तो प्रयोगशाळेत वाढवून संदीपच्या डोळ्यावर बसवता येईल. देणाऱ्याची नजर जात नाही, जखमही लवकर भरते. वडील कधीच गेलेले, आईचे डोळे साखरेनं खराब झालेले. राहिले मी. तपासण्या झाल्या, माझं जुळलं.

मी सगळ्यांसमोर हो म्हणाले. आईनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. किती मोठी वाटले मी तेव्हा स्वतःला!

घरी आले आणि एक डोळा झाकून बघायला लागले. एका डोळ्यानं धार काढली. एका डोळ्यानं सुईत दोरा ओवायला गेले — जमेना. डॉक्टर म्हणाले होते काही होत नाही, पण ते त्यांच्या डोळ्याबद्दल थोडंच बोलत होते? आणि मग त्याहून वाईट विचार आला. कारखान्यात चष्मा दिलेला असतो, तो घालायला काय झालं होतं ह्याला? त्याच्या निष्काळजीपणापायी मी का? असा विचार सख्ख्या भावाबद्दल येतो का? मला आला.

आत्तींना सांगितलं तेव्हा वाटलं होतं, त्या अडवतील. अडवाव्यात, अशीच माझी इच्छा होती. त्या म्हणाल्या, "त्यात मला काय इचारतीस? जा की. म्हसरांचं मी बगते." वर शेंगदाण्याचे लाडू वळून माझ्या पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. म्हणाले — आत्ती नको म्हणतात.

एवढंच. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. सासू नको म्हणते, हे वाक्य आपल्याकडे कधी कुणी तपासून बघितलंय? मी फोनवर रडलेही. आत्तींना सांगितलं, डॉक्टर म्हणतात जुळत नाही. त्या हळहळल्या, आणि लाडू मीच खाल्ले.

पुढं संदीपला एका मृत माणसाच्या डोळ्यातला तुकडा बसवला. तो टिकला नाही. आता त्याला उजेड कळतो, समोर कुणी हललं तर सावली कळते. त्याची बायको रूपाली कुपवाडलाच पॅकिंगच्या कामाला जाते आणि तो कुंडलला घरी मुलीची वेणी घालतो, चाचपडत. भांग कधीच सरळ येत नाही.

एकदा आत्ती स्वतःहून म्हणाल्या, पोराला बघून येऊ. मी खूप टाळलं, पण त्या निघाल्याच. कुंडलला आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दारातच म्हणाली, "डोळा मागितला न्हवता, विहीणबाई. तिळाएवढं मागितलं हुतं. तेबी तुमी दिऊ दिलं न्हाई."

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीची चेन लावत होते — लागलेलीच चेन. ज्या आवाजाला गाव दबून होतं, त्या आवाजाला माझा खोटेपणा चव्हाट्यावर आणायला किती वेळ लागला असता? त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलं माजं."

कराडला एसटी बदलताना त्या पहिल्यांदा बोलल्या. "भ्या वाटलं हुतं तर मला सांगायचं हुतंस. मी आले असते की संगं."

त्यांनी शिवी दिली असती तर मी आजवर त्यांच्यावर चिडून सुखात राहिले असते. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मरेपर्यंत कुंडलला त्यांचं नाव शिवी म्हणूनच घेतलं गेलं. त्यांच्या दिवसालाही आई आली नाही.

मी मोबाइलवर मूळपेशींच्या बातम्या वाचते. देवाची पोथी वाचावी तशी नेमानं. रक्तातल्या, कातडीतल्या पेशींपासून डोळ्याचा पापुद्रा तयार करतायत म्हणे परदेशात. मला वाटायचं, विज्ञान एवढं पुढं जाऊ दे की कुणाला कुणाकडं काही मागावंच लागू नये. म्हणजे मी नाही म्हणाले, ह्याला अर्थच उरणार नाही. पापावर असा उतारा दुसऱ्या कुणाला सुचला असता?

विज्ञान पुढं आलं — माझ्याच दारात. रूपालीचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्याचा परत प्रयत्न करता येईल. आता प्रयोगशाळाही लागत नाही. तो इवलासा तुकडा बारीक करून थेट डोळ्यावरच लावतात, तिथंच वाढतो. फक्त सख्ख्या माणसाचा हवा. मग ती अडखळत म्हणाली, "वन्सं, म्हातारी तर गेली. आता कोण आडवं येतंय?"

हे आता पेन्शनवर घरीच असतात. माझ्या समोर बसून शेंगा फोडत होते. मी म्हणाले, ह्यांना विचारून सांगते.

फोन कुणाचा, म्हणून त्यांनी विचारलं. रूपालीचा, सहज केला होता, असं मी सांगितलं. त्याला आता महिना होत आला. मी त्यांना अजून विचारलेलं नाही, आणि कुंडलला त्यांना नावं ठेवायला सुरुवात झाली आहे.